माणशी की घरटी?

एक वाक्य देतो, बघा. ‘तीन कारागिरांनी सहा पैंजण केले.’ आता सांगा, पैंजण एकूण किती झाले?

बहुतेक जण सहा म्हणतील. थोडा विचार करणारा म्हणेल सहा किंवा अठरा, कारण तिघांनी मिळून केले की ज्याने त्याने सहा केले ते कळत नाही. आणि उत्तर देणारा हुपरीचा असेल तर तो आधी उलट विचारेल, की सहा पैंजण म्हणजे सहा नग का सहा जोड? (आमच्याकडे चांदीचं काम घरोघरी चालतं, त्यामुळे अशा बाबतीत आम्ही जरा किरकिरे असतो.) म्हणजे पाच शब्दांच्या एका साध्या वाक्याची उत्तरं झाली चार: सहा, बारा, अठरा आणि छत्तीस. प्रोग्राममध्ये असं झालं तर आम्ही त्याला बग म्हणतो. भाषेत त्याला काहीच म्हणत नाही, चहा पितो आणि पुढे जातो.

आता त्याच वाक्यात एक शब्द दोनदा म्हणा. ‘तीन कारागिरांनी सहा-सहा पैंजण केले.’ झालं, सहा आणि बारा ही उत्तरं बाद. शाळेत संख्याविशेषणांचे प्रकार पाठ केले होते ते आठवतात का? गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक आणि मग तो जीभ वळवणारा ‘पृथक्त्ववाचक’. एकेक, दहा-दहा ही त्याची उदाहरणं. परीक्षेत एका मार्काला यायचा आणि पुढे आयुष्यात कधी भेटणार नाही असं वाटायचं. प्रत्यक्षात तो रोज भेटतो, रेशन दुकानात भेटतो आणि पगाराच्या दिवशी तर हमखास भेटतो.

वाटणीच्या कुठल्याही वाक्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कशावर वाटायचं, आणि दुसरी म्हणजे एकेकाच्या वाट्याला किती. जे-वुंग चो या भाषाशास्त्रज्ञाने १९८७ च्या आपल्या प्रबंधात पहिल्या गोष्टीला ‘सॉर्टिंग की’ असं नाव दिलं. आमच्या धंद्यातला माणूस हे वाचून जागच्या जागी उडेल! एसक्यूएलमध्ये आपण ‘ग्रुप बाय’ लिहितो तेव्हा हेच तर करतो. बेरीज कशाचीही करा, पण ग्रुप बाय ग्राहक केलं की ग्रुप बाय महिना केलं, यावर उत्तर पूर्ण बदलतं. मी त्याला ‘चावी’ म्हणतो आणि दुसऱ्या गोष्टीला ‘वाटा’. सहा-सहा म्हणताना मराठी वाट्यावर खूण करते. ‘प्रत्येक कारागिराने सहा पैंजण केले’ म्हणताना ती चावीवर खूण करते. अर्थ सारखा, खूण वेगळ्या ठिकाणी.

वाट्यावर खूण करायची पद्धत जगभर आहे. डेव्हिड गिल यांनी ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ या २००५ च्या ग्रंथात २५१ भाषांचा नकाशा दिला आहे. त्यातल्या ८५ भाषा आपल्यासारखा आकडा दोनदा म्हणतात. बाकीच्यांपैकी काही प्रत्यय लावतात, काही वेगळा शब्द ठेवतात. तुर्की ‘बिरेर, इकिशेर’ करते, जपानी आकड्यापुढे ‘झुत्सु’ लावते, हंगेरियन आपल्यासारखंच ‘केट-केट’ म्हणते. ६२ भाषांत यासाठी आकड्याचं वेगळं रूपच नाही, आणि त्यात आहे आपली लाडकी इंग्रजी. ती बिचारी ‘ईच’ आणि ‘एव्हरी’वर सगळा संसार चालवते. (त्या दोघांतला फरक काय, यावर झेनो व्हेंडलर नावाच्या तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात अख्खा निबंध लिहिला. आपल्याला दोन्हीकडे ‘प्रत्येक’ लिहून मोकळं होता येतं.)

लॅटिनमध्ये तर या आकड्यांचा वेगळा संचच होता: बीनी म्हणजे दोन-दोन, तेर्नी म्हणजे तीन-तीन. गंमत म्हणजे हेच ‘बीनी’ जोडीने असणाऱ्या वस्तूंसाठीही वापरत. दोन-दोन आणि जोड एकाच शब्दात. रोमन माणूस हुपरीला आला असता तर त्याचं नग आणि जोडाचं भांडण आमच्यापेक्षा मोठं झालं असतं.

आपल्या भागात मराठी आणि कानडी शेजारी नांदतात. इथून निपाणी-चिकोडीकडे निघालं की दोन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. कानडीत ओंदु आणि ओंदु मिळून ओंदोंदु होतं, एरडु-एरडु मिळून एरडेरडु होतं. आपलं एक आणि एक मिळून एकेक. माणसं मोजायला आपण दोघे, तिघे, चौघे हे वेगळे शब्द ठेवले आहेत; कानडीतही माणसांसाठी इब्बरु, मूवरु असे वेगळे शब्द आहेत, आणि दोन-दोन माणसं म्हणजे इब्बिब्बरु, आपले दोघं-दोघं. हिंदीत वाटणीसाठी दो-दो आहे, पण दोघे-तिघेसारखी माणसांपुरती राखीव मालिका नाही. द्विरुक्तीच्या या अर्थाला संस्कृत व्याकरणात ‘वीप्सा’ म्हणतात आणि पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात त्याचा नियमच घालून दिला आहे. म्हणजे ही खेडवळ बोलण्याची सवय वगैरे नाही, चांगली जुनी आणि घरंदाज गोष्ट आहे.

पण (आणि हा पण मोठा आहे) दोन-दोन म्हणणाऱ्याने चावी सांगितलेली नसते. ती ऐकणाऱ्याने ओळखायची. राहुल बालुसू यांनी २००६ मध्ये तेलुगूतल्या अशा द्विरुक्तीवर लिहिलं, ते मराठीला जसंच्या तसं लागू पडतं. ‘मुलांनी दोन-दोन माकडं पाहिली’ याचा अर्थ मुलागणिक दोन असू शकतो, दर वेळी दोन असू शकतो, किंवा ठिकाणागणिक दोन. माणूस, वेळ, जागा, यातली कुठलीही चावी चालते. एकच मुलगा असला तरी ‘त्याने दोन-दोन माकडं पाहिली’ म्हणता येतं, फक्त मग वाटणी वेळेवर जाते.

माकडांचं ठीक आहे हो. आता हेच वाक्य दवाखान्यात म्हणून बघा. दोन प्रकारच्या गोळ्या हातात देऊन कोणी सांगितलं, ‘या दोन-दोन घ्यायच्या.’ दर वेळी एकूण दोन, की प्रत्येक प्रकारातल्या दोन म्हणजे चार? आजी चष्मा शोधत विचारते तो प्रश्न व्याकरणाचाच असतो. औषधाच्या दुकानात पाकिटावर १-०-१ लिहितात, त्याचं मला म्हणूनच फार कौतुक वाटतं. सकाळ, दुपार, रात्र ही चावी तीन जागांमध्ये पक्की ठोकलेली. कुठलीही भाषा येत नसली तरी कळतं.

‘प्रत्येकी’चंही तसंच आहे. हा शब्द आपल्याला भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणांनी दिला. वीस चॉकलेट, पाच मुलं, प्रत्येकी किती? तिथे चावी शेजारीच बसलेली असते म्हणून भागतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना मोफत धान्य जाहीर केलं, १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ. हीच गोष्ट कोणी ‘कुटुंबांना गहू व तांदूळ प्रत्येकी १० किलो’ अशी लिहिली तर? प्रत्येकी म्हणजे कुटुंबागणिक की धान्यागणिक? धान्यागणिक धरलं तर घरात २० किलो येतं. कुटुंबागणिक धरलं तर दोन्ही मिळून १० सुद्धा होऊ शकतं. एका ‘प्रत्येकी’ला दोन मालक. शिरोळ तालुक्यातल्या ज्या बाईचं घर आठवडाभर पाण्यात होतं, तिने ‘प्रत्येकी’ कुणाचा हे ठरवत बसायचं का?

आता मी मुद्द्यावर येतो. मराठीकडे चावी पोटात घेऊन फिरणारे शब्द आहेत, आणि ते इतके सुंदर आहेत की लिहिताना आपण ते का टाकतो हे मला खरंच कळत नाही.

माणशी. घरटी. एकरी. ताशी. दरडोई.

‘माणशी दोन लाडू’ म्हटलं की वाद संपला. माणसावर वाटायचं, वाटा दोन. ‘घरटी पाच भाकऱ्या’ म्हटलं की घरात दोघं असोत की बारा, भाकऱ्या पाच. गणपतीची वर्गणी घरटी असते, माणशी नसते, आणि यावरून ज्या मंडळात भांडण झालेलं नाही ते मंडळ मला दाखवा. उसाचा उतारा एकरी मोजतात, गाडीचा वेग ताशी, मजुरी दिवसाला. जिथे असा तयार शब्द नाही तिथे ‘मागे’ आहे: कार्डामागे, किलोमागे, नगामागे. हा ‘मागे’ वाटेल त्या नामाला लागतो आणि कधी चुकत नाही. फारसीतून आलेला ‘दर’ आहे, दरसाल, दरमहा. वेळेसाठी ‘काठी’ आहे, वर्षाकाठी, महिन्याकाठी. कानडीत ‘तला’ म्हणतात, तले म्हणजे डोकं, आणि आपल्या दरडोईतली डोई म्हणजेही डोकंच. मोजायला डोकी धरायची ही कल्पना दोघांनाही सुचली.

साधा ‘ला’ सुद्धा बघा काय करतो. ‘कुटुंबाला १० किलो’ म्हटलं की आपण आपोआप दर कुटुंबाला असं धरतो. पण ‘कुटुंबांना १० किलो’ म्हटलं की वाटणी गायब! सगळ्यांना मिळून १० असंही वाचता येतं. फरक फक्त एका अनुस्वाराचा आणि ‘ला’चा ‘ना’ होण्याचा. एकवचनात वाटणी आहे, अनेकवचनात ढीग आहे. हे कुठल्या व्याकरणाच्या तासाला मला कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी पत्रकं मात्र लाभार्थी नेहमी अनेकवचनातच लिहितात, भारदस्त वाटतं म्हणून.

ही केवळ भाषेची हौस नाही, चावी बदलली की पोटात जाणारं धान्य बदलतं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य आहे, आणि अंत्योदय कुटुंबांना कार्डामागे ३५ किलो. हिशोब करा. अंत्योदय घरात दोन म्हातारी माणसं असतील तर माणशी साडेसतरा किलो होतात. सात जण असले की दोन्ही पद्धती बरोबरीत येतात. आठवं बाळ जन्माला आलं की सगळ्यात गरीब म्हणून ज्यांना वेगळं कार्ड दिलं, त्यांना माणशी ५ पेक्षा कमी मिळतं. कुणी काही चोरलेलं नाही, कुणी आकडा बदललेला नाही. फक्त ग्रुप बाय वेगळा आहे.

आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर जी जादा मदत जाहीर झाली, तिच्यात एकाच दमात दोन चाव्या होत्या: धान्य माणशी ५ किलो आणि डाळ कुटुंबामागे १ किलो. अंत्योदय कार्डावर पाच माणसं असतील तर महिन्याचं गणित असं: नेहमीचे ३५, जादाचे २५, आणि डाळ १. पाच किलो डाळ नव्हे, एक. आता कल्पना करा की दुकानाबाहेरच्या फलकावर ‘लाभार्थ्यांना प्रत्येकी ५ किलो धान्य व १ किलो डाळ’ असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध, मराठी शुद्ध, आणि आत काट्याशेजारी भांडण. ‘माणशी ५ किलो धान्य, कार्डामागे १ किलो डाळ’ हे लिहायला शाईसुद्धा जास्त लागत नाही.

२०२४ मध्ये जाहीर झालेली लाडकी बहीण योजना घ्या. रक्कम बाईमागे, १५०० रुपये. हप्ता दरमहा. उत्पन्नाची अट मात्र घरटी, वर्षाला अडीच लाखांच्या आत. अविवाहित मुलगी कुटुंबात एकच. एका योजनेत चाव्यांचा जुडगा. जावा-जावांमध्ये ‘तिला मिळालं, मला का नाही’ हा जो संवाद होतो, त्याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. आणि मग ‘कुटुंब’ म्हणजे काय हा पुढचा प्रश्न येतोच. घर एक, चुली दोन, कार्ड अजून एकच. आपल्याकडे घर वेगळं होण्याआधी चूल वेगळी होते. तेव्हा घरटी आणि चुलीमागे या दोन वेगळ्या चाव्या आहेत.

हुपरीत हे शहाणपण न शिकवता येतं, कारण इथे ते थेट पैशाला भिडतं. पैंजण एका हाताने होत नाही. चांदी आटवणं, तार ओढणं, कड्या जोडणं, घुंगरू लावणं, झाळणं, पॉलिश, ही कामं घरोघरी वाटलेली असतात, आणि कुठल्या कामाची मजुरी वजनावर ठरते तर कुठल्या कामाची नगावर किंवा जोडावर. आमच्या गल्लीतल्या एक काकू घरी घुंगरू लावायचं काम करतात. नवीन काम घेताना त्या ‘मजुरी किती’ असं आधी कधीच विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कशावर हाय?’ आकडा नंतर. याच्यापेक्षा नेमका रिक्वायरमेंटचा प्रश्न मी आमच्या कुठल्या बिझनेस ॲनालिस्टच्या तोंडून ऐकलेला नाही.

कारण बघा. हिशोबापुरते आकडे धरू. १०० ग्रॅमचा जोड असेल तर किलोत दहा जोड बसतात. ५० ग्रॅमचा असेल तर वीस. घुंगरू मात्र दोन्हींना जवळपास तितकेच लावायचे. मजुरी किलोमागे असेल तर हलक्या मालात त्याच पैशात दुप्पट काम. जोडामागे असेल तर काम तितके पैसे. चांदी महाग झाली की गिऱ्हाईक हलका माल मागतं (२०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली), आणि माल हलका झाला की किलोमागे काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर ताण येतो. दर एक पैशानेही कमी केलेला नसतो! म्हणून ‘कशावर हाय?’

आमच्या आयटीत याच्या उलट. एका प्रोजेक्टमध्ये (कंपनी, क्लायंट कुणाचंच नाव घेत नाही) लिहून आलं होतं की तीन अप्रूव्हरना दोन रिमाइंडर मेल जातील. टेस्टिंगवाल्यांनी सहा मेल मोजले आणि बग टाकला, कारण त्यांच्या मते दोनच जायला हवे होते. क्लायंटला हवे होते प्रत्येक विनंतीमागे दोन. त्यावर दीड तासाची मीटिंग झाली, सात माणसं, म्हणजे साडेदहा मनुष्यतास. इंग्रजीत ‘दोन-दोन’ म्हणता येत नाही हे त्या वाक्याचं अर्धं दुखणं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे चावी कुणी लिहिलीच नव्हती, आणि ते दुखणं मराठीतही झालंच असतं.

आता काही मंडळी म्हणतील, की हल्ली ‘प्रति व्यक्ती’, ‘प्रति कुटुंब’ लिहितात की, त्यात चावी आहे. आहे ना. मला तो ‘प्रति’ कानाला खडा लागल्यासारखा लागतो, ‘प्रति दिन दोन जीबी’ ऐकलं की ‘रोज दोन जीबी’ म्हणायला काय घेतलं होतं असं होतं; पण अर्थ स्वच्छ आहे हे मान्य करायलाच पाहिजे. ‘प्रति कुटुंब’ कुरूप आहे पण प्रामाणिक आहे. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. भांडण आहे ते चावी गिळून बसलेल्या ‘प्रत्येकी’शी आणि ‘लाभार्थ्यांना अमुक रक्कम’ या ढिगाशी. ‘घरटी’ हा शब्द गावठी म्हणून टाकला जातो आणि त्याच्या जागी जे येतं ते प्रमाण तर दिसतं, पण कमी सांगतं. (कबूल, ‘घरटी’ला एक अडचण आहे. भाषांतर करणाऱ्या यंत्राला त्यात पक्ष्यांची घरटी दिसली तर त्याला दोष देता येणार नाही.)

हाच प्रकार ‘आपापला’चा. ‘सगळे आपल्या घरी गेले’ म्हणजे कदाचित एकाच घरी गेले. ‘सगळे आपापल्या घरी गेले’ म्हणजे ज्याचा तो ज्याच्या त्याच्या घरी. एका ‘पा’ने वाटणी झाली. कानडीत तम्म तम्म, हिंदीत अपने-अपने, कुणालाच हे अवघड नाही. पण परीक्षेच्या सूचनेत बघा काय छापलेलं असतं: ‘उमेदवारांनी संबंधित केंद्रावर उपस्थित राहावे.’ संबंधित कोण, कुणाशी? ‘उमेदवारांनी आपापल्या केंद्रावर यावे’ असं लिहिलं तर प्रत्येक पोराला आपलं केंद्र वेगळं असू शकतं हे वाचता वाचता कळतं, आणि तो मित्राच्या मागे मागे भलत्याच कॉलेजात जाण्याऐवजी हॉलतिकीट उघडून बघतो.